न विरलेल्या पिशव्या

"मॅडम, शनिवारी माझ्यावर फसवणुकीची तक्रार होणार आहे," खुर्चीत बसायच्या आधीच राजनंदिनी अंभोरे म्हणाली. "आणि मी फसवलेलं नाही."

बेबीनंदा खरातनं तिच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. जालन्यात बियाण्यांच्या बनावट पाकिटांचा माग काढणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. कंपन्यांची कामं तिला वर्षभर पुरत. पिशव्यांची तक्रार घेऊन मात्र पहिल्यांदाच कोणी आलं होतं.

कोपऱ्यात रामप्रसाद ढवळे पेपर वाचत बसले होते. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते बेबीनंदाची जीप चालवत आणि तिच्याबरोबर तपासालाही जात. त्यांनी पेपर खाली घेतला.

"सुरुवातीपासून सांगा," बेबीनंदा म्हणाली.

राजनंदिनी तिशीच्या आतबाहेरची होती. रसायनशास्त्र शिकलेली. बदनापूरजवळ तिनं छोटा कारखाना काढला होता. मक्याचं स्टार्च, पाणी, ग्लिसरीन आणि थोडं व्हिनेगर एकत्र शिजवायचं, खळीसारखं घट्ट झालं की ट्रेमध्ये पातळ पसरायचं, वाळलं की पापुद्रा सोलून काढायचा आणि मशीनवर चिकटवून त्याच्या रोपांसाठी पिशव्या करायच्या. दुधी रंगाच्या, तळाशी पानाचा ठसा असलेल्या.

"काळ्या पिशवीतलं रोप लावताना पिशवी फाडून टाकावी लागते," ती म्हणाली. "मोसंबीच्या बागांच्या बांधाला बघा, नुसता काळा कचरा. आमची पिशवी फाडायची नाही. रोप पिशवीसकट लावायचं, पिशवीची माती होते."

"आणि ती झाली नाही?"

"वाटूरला भागवत खंदारेंची रोपवाटिका आहे. मोसंबी बागायतदारांच्या गटाचे अध्यक्षही तेच. पुढच्या हंगामाच्या सगळ्या रोपांना आमच्या पिशव्या घ्यायच्या की नाही, हे ठरवायला त्यांनी गणपतीनंतर आठ रोपं आमच्या पिशव्यांसकट जमिनीत लावली. भोवती जाळीचं कुंपण, दाराला कुलूप. एक किल्ली त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. काल, बुधवारी, गटातल्या सगळ्यांसमोर रोपं उकरली."

तिनं पर्समधून मातीनं माखलेली एक दुधी पिशवी काढली. पिशवी धड होती. एक भोकसुद्धा नव्हतं.

"आठही अशाच निघाल्या. तिथं राधेश्याम शेठ होते, काळ्या पिशव्यांचे व्यापारी. त्यांनी एका पिशवीच्या काठाला काडी लावली. थेंब थेंब गळायला लागले, मेणबत्तीसारखा वास आला. शेठ म्हणाले, हे तर साधं प्लास्टिक आहे. मग कोणी माझं ऐकूनच घेतलं नाही."

बेबीनंदानं पिशवी उजेडात धरून उलटीपालटी केली. चिकटवलेल्या कडेवर तिची नजर थांबली. कडेची रेघ एका जागी तुटली होती. मुगाच्या दाण्याएवढी जागा तशीच सुटलेली होती.

"तुमच्याकडची नेहमीची पिशवी आहे?"

राजनंदिनीनं दुसरी पिशवी दिली. "ही गणपतीच्या वेळची. वाटूरला दिल्या त्यांच्याबरोबरच केलेली. त्या आठ कमी पडल्या तर म्हणून ठेवल्या होत्या, त्यातली."

बेबीनंदानं खणातून आयोडीनची बाटली काढली. दोन्ही पिशव्यांवर एकेक थेंब टाकला. राजनंदिनीच्या पिशवीवरचा थेंब बघता बघता निळाकाळा झाला. वाटूरच्या पिशवीवर तो तांबूसच राहिला.

"स्टार्च असतं तिथं आयोडीन काळं पडतं," ती रामप्रसादांना म्हणाली. "शेठ खरं बोलले. हे प्लास्टिकच आहे."

"मंग शेठनंच बदलल्या असतील," रामप्रसाद म्हणाले. "धंदा त्याचाच बुडणार व्हता."

"शक्य आहे." तिनं जुन्या पिशवीची कडही नीट पाहिली. तिथली रेघ सलग होती. "तुमच्या कारखान्यात झाडं लावून चाचणी केली होती का?"

"नाही. बादलीत माती भरून नुसत्या पट्ट्या पुरून बघायचो. झाडासकट पहिल्यांदा वाटूरलाच."

"पट्ट्या विरायच्या?"

"हो," राजनंदिनी म्हणाली आणि क्षणभर थांबून पुन्हा म्हणाली, "हो, मातीत विरायच्या."

*

वाटूरला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. भागवत खंदारे हिरव्या जाळीखाली उभे राहून गड्यांकडून रोपं हलवून घेत होते. पन्नाशीचा उंच माणूस, बोलताना हातातली कात्री बंद-उघड करायची सवय.

"तुम्ही तिच्याकडून आल्या म्हणून तुम्हाला बोलणार न्हाई असं न्हाई," ते म्हणाले. "पण मी त्या पोरीवर भरोसा ठेवला व्हता. गटातले लोक म्हणत व्हते, कशाला नवं काही. मी म्हणलं, पाहू तर खरं. आता सगळे माझ्याच तोंडाकडं पाहून राह्यले."

"रोपं कुठं आहेत?"

त्यांनी कुंपण दाखवलं. उकरलेली सात रोपं पिशवीसकट परत खड्ड्यात ठेवली होती. आठव्याची पिशवी राजनंदिनीनं नेली होती, ते रोप बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेलं होतं. आठांच्याही माना खाली गेलेल्या. पानं मऊ पडून लोंबत होती.

"काल उकरल्यामुळं का हे?" बेबीनंदानं विचारलं.

"न्हाई, न्हाई. आधीपासूनच. मंगळवारी सकाळी पाह्यलं तं आठही रोपांनी माना टाकलेल्या. मी दोनदा पाणी सोडलं. माती चिखल झाली पण रोपं काही उठेनात. बाकीची रोपं बघा, कशी टवटवीत हाएत."

"सोमवारी कशी होती?"

"रविवारी चांगली व्हती. सोमवारी मी नव्हतो. पुतणीची, अक्षताची हळद व्हती परतूरला. गडीमाणसं सगळी तिकडंच. दिवसभर इथं कुत्रंबी नव्हतं."

"हळदीचं आमंत्रण कोणाकोणाला होतं?"

"सगळ्यांला. शेठला दिलं, बदनापूरच्या कारखान्यात दिलं. कोणी आलं न्हाई ते सोडा."

"आणि कुंपणाचं कुलूप?"

"जागच्या जागी. किल्ली माझ्या कमरेला, हळदीतबी."

बेबीनंदा एका रोपाजवळ बसली. "हे उघडून बघू?"

भागवतनं मान डोलावली. तिनं पिशवी उभी चिरली आणि माती हलक्या हातानं झाडली. मुळं दिसू लागली. पिशवीच्या कडेपर्यंत येऊन सगळी मुळं एकदम संपत होती. टोकं सपाट, ताजी, कापलेल्या दोरीसारखी.

"उकरताना फावडं लागलं का?"

"फावडं कसं लागन? पिशवी तर धड हाय. आतल्या मुळाला लागायचं तं आधी पिशवी फाटन ना," भागवत म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर थांबले. त्यांनी वाकून मुळं पाहिली. कात्री बंद-उघड होणं थांबलं.

"काळ्या पिशवीत चार महिने राहिलेल्या रोपाची मुळं कशी असतात?"

"गोल. पिशवीला टेकली की वेटोळं घेतात. साप बसल्यासारखी."

इथं एकाही मुळाला वेटोळं नव्हतं.

बेबीनंदानं रिकाम्या खड्ड्यात हात घातला. तळाची माती चाळत राहिली. रामप्रसाद उन्हात उभे राहून घाम पुसत होते. थोड्या वेळानं तिच्या बोटांत नखाएवढा, मऊ पडलेला, मळकट दुधी तुकडा आला. तिनं तो रुमालावर ठेवून त्यावर आयोडीन टाकलं. तुकडा काळा झाला. दुसऱ्या खड्ड्यातही तसाच एक मिळाला, दुमडलेला.

"पाण्यात राहिली तर ही पिशवी किती टिकते, ते पाहिलं होतं का तुम्ही?" ती उठता उठता म्हणाली.

"मी? न्हाई. आमच्याकडं रोप विकलं जाईस्तोवर आठ-दहा महिने पिशवीतच ऱ्हातं. रोज पाणी. ती म्हणली, टिकतंय. मी बराबर मानलं."

*

राधेश्याम शेठचं दुकान जालन्यात मोंढ्याच्या रस्त्याला होतं. आत काळ्या पिशव्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. शेठनं दोघांना गादीवर बसवलं आणि चहा मागवला.

"मला माहीत आहे, संशय माझ्यावरच येणार," ते हसून म्हणाले. "पण एक सांगतो, काडी मी लावली ती मजेत. पिशवी विरली नाही, म्हणजे अजून थोडा टाइम लागेल, एवढंच सगळे बोलत होते. मला वाटलं, बघू तरी मक्याचा वास येतो का. आला प्लास्टिकचा. तीस वर्षं हाच वास घेतोय, चुकेन कसा?"

"सोमवारी कुठं होता?"

"सोमवारी व्यापाऱ्यांचा बंद होता ना. मोंढा, बाजार, केमिकलवाले, सगळी दुकानं बिलकुल बंद. मग सगळ्या कुटुंबाला घेऊन राजूरच्या गणपतीला गेलो. तिथं ओळखीचे दहा लोक भेटले, विचारा कोणालाही."

"तुमच्याकडे दुधी प्लास्टिकचा कागद मिळतो?"

"मिळतो की. सगळ्यांकडे मिळतो. रोल घ्या, नाहीतर मीटरवर घ्या." शेठनं कप खाली ठेवला. "पण त्यावर त्या पोरीचा पानाचा ठसा मी कुठून आणू? ठसा तिच्या मशीनमध्ये आहे."

बाहेर आल्यावर रामप्रसाद म्हणाले, "ताई, हा लई गोड बोलतो. मला तर याच्यावरच शंका हाय. नायतर तो भागवत. किल्ली त्याच्याकडं, कात्री त्याच्या हातात. मुळं कापणं त्याला काही अवघड न्हाई."

"भागवतनं बदलल्या असत्या, तर माना टाकलेली रोपं त्यानं मला स्वतःहून दाखवली असती का? मुळं बघू दिली असती का?"

रामप्रसादांनी जीप सुरू केली.

*

बदनापूरचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत दहा-बारा बायका ट्रेवरचे पापुद्रे सोलत होत्या. हवेत शिजवलेल्या खळीचा आणि व्हिनेगरचा वास होता. दाराजवळ विजेच्या बोर्डाशेजारी खिळ्याला किल्ल्या टांगलेल्या होत्या. त्यातल्या एकीला 'वाटूर' अशी चिठ्ठी होती.

"किल्ली कायम इथंच असते?"

"हो," राजनंदिनी म्हणाली. "इथून कोण नेणार?"

शेडच्या मागं नळाखाली मातीचे सात-आठ ढीग ओळीनं होते. रामप्रसाद तिथं सावलीला जाऊन उभे राहिले आणि त्यांचा बूट एका ढिगात रुतला. पाय काढला तर बुटाला मातीबरोबर पांढरट, चिकट लगदा लागून आला.

"हे काय वो?"

"जुन्या चाचण्या आहेत," राजनंदिनी घाईनं म्हणाली. "या ना, आत या. उषाबाईंशी बोला."

उषाबाई पिशव्या चिकटवायच्या मशीनवर बसल्या होत्या. पिशवी ठेवायची, पायानं कळ दाबायची, गरम पट्टी खाली येऊन कड चिकटायची आणि तळाला पानाचा ठसा उमटायचा. बेबीनंदानं नुकतीच निघालेली पिशवी उचलली. कडेची रेघ एका जागी तुटलेली होती.

"ही जागा अशी सुटते कशी?"

"पट्टीला टवका गेलाय ना," उषाबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या साफसफाईत वरून पाना पडला. तव्हापासून परत्येक पिशवीला ही खोड. मी म्हणलं बदला, तं ताई म्हणल्या, चालतंय, गळत तं न्हाई."

"मशीन अजून कोण चालवतं?"

"मीच. पण मंगळवारी सकाळी कळ दाबली आणि पट्टीला काहीतरी चिकटून बसलं. पयल्या पाच पिशव्या जळाल्या. पाह्यलं तं गरमीचा काटा कोणीतरी फिरवून ठेवलेला. मी मिथुनला म्हणलं, तं तो म्हणला, हात लागला असंल कोणाचा."

"सोमवारी मशीन बंद होती?"

"सोमवारी आम्ही सगळ्याजणी ट्रे घासत व्हतो, इथंच. ताई बँकेत गेल्त्या. मिथुन सकाळीच ग्लिसरीन आणायला जालन्याला गेल्ता, संध्याकाळी आला."

"ग्लिसरीन आणलं?"

"मिळालं न्हाई म्हणला."

मिथुन काकडे शेडच्या टोकाला मोटर खोलून बसला होता. मूळचा मंठ्याजवळचा. राजनंदिनीबरोबर पहिल्या दिवसापासून तो या कामात होता. मशीन त्यानंच जुळवली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी वाढलेली. बेबीनंदाला बघून तो उठला.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "तुमची पिशवी खरंच विरते, की हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं?"

त्याच्या हातातला पाना थांबला.

"विरते का म्हणजे? मॅडम, आमची रात्रंदिवस मेहनत आहे त्यात. तळाचा दुमडलेला भाग तेवढा उरतो, बाकी सगळी माती. मोसंबीचं मूळ आरपार वीतभर बाहेर जातं. पांढरं, सरळ. वेटोळं म्हणून नाही. काळ्या पिशवीत असं बघायला मिळणार नाही तुम्हाला."

"वाटूरला तुम्ही शेवटचं कधी गेला होता?"

"रोपं लावली त्या दिवशी. काल जायचं होतं, पण इथं मोटर बंद पडली."

"बरं," बेबीनंदा म्हणाली. "शनिवारी मात्र या."

*

शनिवारी वाटूरला हिरव्या जाळीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. भागवत, राधेश्याम शेठ, राजनंदिनी, उषाबाई, मिथुन. गटातली चार-पाच मंडळी मागं उभी होती. भागवतच्या खिशात तक्रारीचा कागद तयार होता.

बेबीनंदा उभी राहिली. "राजनंदिनींनी तुम्हाला फसवलं का, हा पहिला प्रश्न. उत्तर आहे, नाही. गणपतीनंतर इथं लावलेल्या आठही पिशव्या स्टार्चच्या होत्या."

मागं कुजबुज झाली.

"खड्ड्याच्या तळाशी मला पिशव्यांचे तुकडे सापडले. आयोडीननं ते काळे पडले. भागवतरावांच्या समोर. म्हणजे खऱ्या पिशव्या इथं होत्या आणि विरल्या होत्या. मग उकरल्यावर प्लास्टिक कसं निघालं? कोणीतरी मधे येऊन घातलं. कधी, ते रोपांनीच सांगितलं. रविवारी टवटवीत, मंगळवारी माना खाली, पाणी देऊनही उठत नाहीत. पाणी होतं, पण ते ओढून घेणारी मुळंच राहिली नव्हती. पिशव्या विरल्यावर मुळं आजूबाजूच्या मातीत पसरली होती. रोप काढून नव्या पिशवीत कोंबायचं, तर बाहेरची मुळं कापावीच लागतात. पिशवी धड आणि आतली मुळं कापलेली, याचा दुसरा अर्थ निघत नाही. हे झालं सोमवारी, हळदीच्या दिवशी, इथं कोणी नसताना."

"पण कुलूप?" भागवत म्हणाले.

"दुसऱ्या किल्लीनं उघडलं आणि परत लावलं." तिनं दोन्ही पिशव्या पुढं धरल्या. "आता ही कड बघा. उकरलेल्या पिशवीची रेघ इथं तुटलीय. गणपतीच्या वेळच्या पिशवीची सलग आहे. कारखान्यातल्या मशीनच्या पट्टीला दिवाळीत टवका गेला. म्हणजे जमिनीतून निघालेल्या या पिशव्या त्याच मशीनवर, पण दिवाळीनंतर बनल्या. रोपं लावली तेव्हा त्या जगात नव्हत्या."

शेठनं सुस्कारा सोडला. "म्हणजे मी सुटलो."

"तुम्ही सुटलात. भागवतरावही सुटले, त्यांच्याकडे ती मशीन नाही. उरला कारखाना. प्लास्टिक चिकटवायला सोमवारच्या आधीच, कोणी नसताना, मशीनचा काटा फिरवावा लागला; सोमवारी मशीन बंद होती, म्हणून ते लगेच कळलं नाही. मंगळवारी सकाळी उषाबाईंच्या पिशव्या जळाल्या त्या त्यामुळं. उषाबाई आणि बाकीच्या बायका सोमवारी दिवसभर एकमेकींच्या समोर होत्या. राजनंदिनी स्वतःचंच नाव बुडवायला इथं येणार नाहीत. सोमवारी आणखी एक माणूस बाहेर होता. ग्लिसरीन आणायला, जालन्यात. ज्या दिवशी जालन्यातलं एकही दुकान उघडं नव्हतं."

सगळ्यांच्या माना मिथुनकडे वळल्या. तो खाली बघत होता.

"तरी हे पुरेसं नव्हतं," बेबीनंदा म्हणाली. "बंद असल्याचं माहीत नसेल, म्हणूनही माणूस जाऊन परत येतो. पण मिथुननं मला सांगितलं, तळाची दुमड तेवढी उरते आणि मोसंबीचं मूळ वीतभर बाहेर जातं, पांढरं, सरळ. कारखान्यात झाड कधी लावलंच नव्हतं. नुसत्या पट्ट्या पुरल्या होत्या. पट्टीला तळ नसतो, दुमड नसते. बुधवारी सगळ्यांनी पाहिलं ते पिशवीत कोंडलेलं रोप. बाहेर गेलेलं मूळ पाहणारा माणूस एकच, ज्यानं ते कापलं."

लांब मोटरीचा आवाज येत होता.

राजनंदिनी उठून मिथुनसमोर गेली. "तू पाहिलंस?"

त्यानं मान हलवली.

"खरंच विरल्या होत्या? आठही?"

"आठही," तो म्हणाला. "हातात घेतलं आणि बसूनच राहिलो. वाटलं तुला फोन करावा. इतकं सुंदर झालं होतं ते. मग कात्री काढली."

"का, मिथुन?"

बेबीनंदा राजनंदिनीकडे वळली. "ते तुम्हाला माहीत आहे. शेडमागच्या नळाखाली काय आहे, ते सांगता की मी सांगू? मला तुम्ही त्याला जुन्या चाचण्या म्हणालात."

राजनंदिनीचा चेहरा उतरला. ती हळूहळू खुर्चीत बसली. भागवतकडे न बघता बोलू लागली.

"पिशवी पाण्यात टिकत नाही. मिथुननं नळाखाली मातीनं भरलेल्या पिशव्या ठेवल्या होत्या. रोज पाणी दिलं तर महिना-दीड महिन्यात तळ ढासळतो. मोसंबीचं रोप तुमच्याकडे आठ-दहा महिने राहणार. मी म्हटलं, आधी तुमचा होकार येऊ दे, मग लाखेचा थर देऊन बघू. तो म्हणाला, आधी सांग. मी त्याला गप्प बसवलं."

"चार वेळा म्हणालो," मिथुन म्हणाला. "मामाची रोपवाटिका आहे मंठ्याला, तोही या गटात आहे. एका पावसात त्याची सगळी रोपं आडवी झाली असती. इथल्या सगळ्यांची झाली असती. तिच्याविरुद्ध बोलणं मला जमेना. वाटलं, बुधवारी पिशव्या विरलेल्या दिसल्या नाहीत की तुम्ही म्हणाल, अजून वर्षभर थांबू. तेवढ्यात लाखेचं जमवलं असतं. कोणी काडी लावेल, आणि तिला चोर म्हणेल, हे डोक्यातच आलं नाही."

"आणि म्हणल्यावर?" रामप्रसादांनी विचारलं. त्यांचा हवालदाराचा आवाज होता.

"म्हणल्यावर घाबरलो."

भागवत उठले. त्यांनी खिशातला कागद काढून चार तुकडे केले.

"तू," ते मिथुनला म्हणाले, "पोरीची इज्जत मातीत घातली. आणि तू," राजनंदिनीकडे वळून, "आमची रोपं मातीत घालणार व्हती. तक्रार कोणावर करू? दोघांवर?"

"माझ्यावर करा," राजनंदिनी म्हणाली. "त्यानं कापली आठ रोपं. माझ्यामुळं पुढच्या वर्षी हजारो गेली असती."

ती उठली. मागच्या मंडळींकडे तोंड करून तिनं सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, एकेक गोष्ट. पिशवी मातीत विरते. पाण्यातही विरते. मोसंबीच्या रोपवाटिकेसाठी ती आज लायक नाही. कधी होईल ते तिला माहीत नाही. तिनं काही गाळलं नाही.

मागून एक म्हातारे बागायतदार म्हणाले, "महिनाभर टिकते म्हणली ना?"

"महिनाभर नक्की."

"मंग मिरचीचं काय? मिरचीचं रोप महिनाभरात शेतात जातं."

राजनंदिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आधी पन्नास पिशव्या द्या," भागवत कोरड्या आवाजात म्हणाले. "रोज पाणी मी देणार. इथं, माझ्या डोळ्यांसमोर. जाळी न्हाई, कुलूप न्हाई. टिकल्या तं पुढचं बोलू. मोसंबीचा सौदा आजपासून बंद."

"चालेल," ती म्हणाली.

परतीच्या वेळी मिथुन तिच्या गाडीत बसला नाही. तो पायी फाट्याकडे निघाला. राजनंदिनी गाडीच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं हाक मारली नाही.

*

महिन्याभरानं तिचा फोन आला. रामप्रसाद आणि बेबीनंदा परभणीच्या वाटेवर होते, एका बनावट कपाशीच्या पाकिटामागं. बेबीनंदानं फोनचा आवाज मोठा केला.

"भागवतकाकांच्या मिरच्या शेतात गेल्या मॅडम. चार पिशव्या आधीच फाटल्या, बाकीच्या टिकल्या. दोनशे मागितल्यात आता. उषाबाईंनी पट्टी बदलायला लावली मला."

"आणि मिथुन?"

मागं बायकांचं बोलणं आणि मशीनची कळ दाबल्याचा आवाज येत होता.

"मीच गेले होते मंठ्याला. सोमवारपासून येतोय. दिवसभर लाखेच्या पातेल्यापाशी बसतो. माझ्याशी कामापुरतंच बोलतो." ती थांबली. "मीही अजून चिडलेली आहे. पण काल त्यानं एक पिशवी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, ही पण फुटली, लिहून घे. मी लिहून घेतलं."

फोन बंद झाल्यावर रामप्रसादांनी गियर बदलला.

"ताई, मी असतो तं त्या पोराला परत घेतलं नसतं."

"मीही नसतं घेतलं, भाऊ," बेबीनंदा म्हणाली आणि काच खाली केली.